घरगाडीचा पाचवा आरा

आता तुम्हाला वाटणार, हा पोरगा लिहायला बसलाय म्हणजे मास्तरांची नक्कल करणार, मामलेदाराचा खोकला काढणार, आगगाडीची शिट्टी वाजवणार आणि आपण पोट धरून हसणार. तर तसं काही नाही. म्हणजे मला ते सगळं येतं. शिट्टी तर अशी येते की एकदा कल्याणच्या इष्टेशनात दोन बायका बोचकी घेऊन पळत सुटलेल्या, आणि गाडी यायला अजून दोन तास होते. पण आज ते नाही. आज शहाणपणाची गोष्ट सांगणार आहे. दुसऱ्याने वापरलेली, चाकांवरची, आत राहायची गाडी विकत घ्यायची असेल तर आधी काय काय बघावं, ते.

हसू नका. अशी गाडी असते. आम्ही घेतलेली.

झालं असं की आमचं कल्याणातलं घर रुळांखाली गेलं. म्हणजे घरावरून इंजिन गेलं असं नाही. रूळ कसाऱ्याचा घाट चढून पार गेले आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत इष्टेशनाची जागा वाढवायचं ठरलं. माणसं आली, साखळी टाकून मोजायला लागली, आणि साखळीच्या आत आमची चूल आली. मोबदला मिळाला. पण एवढाच की त्यात एक काहीतरी घेता येईल. दुसरं काही घ्यायचं झालं तर दुसरं घर पाडून घ्यायला लागलं असतं, आणि ते आमच्याकडे नव्हतं.

माझे बाबा कल्हई करायचे. तांब्या-पितळेची भांडी आतून पांढरीशुभ्र करून द्यायची, त्यासाठी भाता, निखारे, नवसागर, एवढंच लागतं, ते कुठेही बसून होतं. मी चौथीची परीक्षा पास झालेलो, अठरावं चालू होतं, आणि भाता ओढता ओढता गिऱ्हाइकांच्या नकला करायचो. आईचे गुडघे मात्र गेलेले. ती चुलीपासून दारापर्यंत यायची ती भिंतीला धरून. तिला रोज नव्या गावच्या धर्मशाळेत कुठे न्यायची? तिला स्वतःचं छप्पर पाहिजे होतं, आणि ते छप्पर कुठे ठेवायचं हा प्रश्न होता.

त्याचं उत्तर खडवलीला निघालं. बाबा तिकडच्या खेड्यांत कामाला जायचे. तिथल्या पाटलाने सांगितलेलं, नदीकाठच्या गावठाणात गाडी उभी करा, पाहिजे तितके दिवस राहा, कोणी हटकणार नाही. पण खुंटा ठोकायचा नाही, कूड घालायचा नाही. कूड घातला की ते घर झालं, आणि परक्याला घर बांधू देत नाहीत. म्हणून गावची रीत अशी, की उभी केलेली गाडी दर अमावास्येला जागची हलवून दाखवायची. जास्त नको, स्वतःच्या लांबीइतकी. पाटील स्वतः बघायला यायचा. तो गाडीला 'गारी' म्हणायचा. त्याचं बोलणं मी पहिल्याच दिवशी उचललं : "गारी हाल्ली त गारी. नाय हाल्ली त घर."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

गाडी होती कल्याणातच, खाडीच्या धक्क्याजवळ एका जुन्या सामानवाल्याकडे. घाटात रूळ घालायला आलेल्या कुणा साहेबाने राहायला बांधून घेतलेली. चार चाकं, वर पत्रा, दोन्ही अंगांना झडपांच्या खिडक्या. आत भिंतीला बिजागरीवर पलंग, दिवसा उचलून वर अडकवायचा. कोपऱ्यात फळ्या, कंदिलाला आकडा, आणि आरशाचा एक तुकडा खिळ्यांनी बसवलेला. आम्ही चौघं बघायला गेलो. बाबा, मी, आईला एका गाडीवानाने दोन पोत्यांच्या मध्ये बसवून आणलं, आणि कळव्याहून मामा आलेला.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. जन्मभर गाड्यांची चाकं बनवली. मोतीबिंदूने दोन्ही डोळे गेले, पण ठाण्यापासून भिवंडीपर्यंत कोणी जुनी गाडी घेणार असेल तर आधी मामाला घेऊन जायचे. मामा लाकडी हातोडीने चाकाचा एकेक आरा वाजवायचा. आरे म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातून कडेपर्यंत गेलेले दांडे. चांगला आरा ठण्ण बोलतो. आतून किडलेला थप्प बोलतो. डोळेवाल्यांना रंग दिसतो, मामाला लाकूड ऐकू यायचं.

तर काय बघावं? ज्याने त्याने आपल्याला कळतं तेवढं बघितलं.

बाबांना पत्रा कळतो. ते वर चढले आणि छपराला जिथे जिथे कथलाचा डाग देऊन सांधलेलं तिथे नखाने खरवडून बघत बसले. "काम चोख आहे," खाली उतरून म्हणाले, "गळणार नाही." मग त्यांना आठवण झाली की आपण घर घेतोय. त्यांनी विचारलं, "दार कुठल्या दिशेला आहे?"

सामानवाल्याने आधी गाडीच्या दांडीकडे बघितलं. मग म्हणाला, "तुम्हाला कुठे पाहिजे?"

"पूर्वेला असलं तर बरं."

"ए, दांडी फिरवा रे! दार पूर्वेला करा पाव्हण्यांचं!"

त्याच्या दोन गड्यांनी दांडी धरून गाडी फिरवली. गाडी अशी काही कण्हली की धक्क्यावरचे कोळी वळून बघायला लागले.

"हे कोण रडलं?" मामा म्हणाला.

"वंगण नाही हो, मामा. साहेब गेल्यापासून कोणी हात लावलेला नाही. साहेबाची गाडी आहे!"

हे त्याचं पालुपद. पलंग आखूड का? साहेबाची गाडी आहे. चूल कुठे मांडायची? साहेबाची गाडी आहे. मी त्याच्यामागे उभा राहून ओठ हलवत होतो, तोही बोलत होता, दोघांचं एकदम निघायचं.

मामाने खाली वाकून नाक लावलं. "डांबर ताजं आहे. पन्नाशीच्या बाईला नवरीसारखी कशाला नटवलीस रे?"

"लाकूड टिकावं म्हणून. साहेबाची..."

"कळलं. दाजी, हिला दगडांनी भरा आणि त्या उतारावरून एक फेरी मारून आणा. जे काय असेल ते मोकळी उभी असताना नाही बोलणार, भरल्यावर बोलेल."

इथे आमची माणसं अडकली. आमच्याकडे गाडीला नारळ फोडल्याशिवाय तिच्यात ओझं भरत नाहीत. आणि नारळ फोडला की सौदा झाला, मग माघार नाही. बाबा म्हणाले, "बिननारळाची गाडी कशी भरू, मामा? चांगलं दिसत नाही." सामानवाला लगेच म्हणाला, "नाही नाही, रीत ती रीत. नारळ फोडा आणि पाहिजे तेवढे दगड भरा." त्याला हे पाठ होतं. किती जणांनी असा आधी नारळ फोडला असेल आणि मग दगड भरले असतील, देव जाणे.

"मग राहिले माझे कान," मामा म्हणाला. "चल रे पोरा, माझा हात एकेका आऱ्यावर ठेव."

तेवढ्या वेळात आई आत गेलेली. गड्यांनी तिला खुर्चीसकट उचलून आत ठेवलं. तिने पलंग खाली घेतला, वर घेतला. देव कुठल्या फळीवर बसतील ते हाताने मोजलं. मग तिने खिडकीची झडप उघडली. बाहेर खाडी, समोर आभाळ. आमच्या कल्याणच्या घराला खिडकी नव्हती, एक झरोका होता, त्यातून शेजारणीचा पाय दिसायचा. आईने झडप मिटली आणि परत उघडली. "अहो," ती बाबांना म्हणाली, "इथून बसल्या बसल्या नदी दिसेल नाही का, खडवलीला?"

एवढंच म्हणाली. पण बाबा तिच्याकडे बघत राहिले, आणि मीही. गुडघे गेल्यापासून दोन वर्षांत तिने काही मागितलेलं नव्हतं.

पहिलं चाक चांगलं निघालं. दुसरं ठीक. तिसरं, "चालेल, पण पाचर मारून घ्या." चौथं मागचं डावं. मी मामाच्या गुडघ्याशी उकिडवा बसून त्याचा हात धरून आऱ्यावर ठेवत होतो. पहिला आरा, ठण्ण. दुसरा, ठण्ण. तिसरा, चौथा. पाचवा, थप्प.

मामा थांबला. "हा परत."

आता काय झालं ते मी खूप लोकांना खूप वेगवेगळ्या तऱ्हेने सांगितलंय. आईसाठी केलं असं सांगितलंय. गंमत म्हणून केलं असंही सांगितलंय. खरं म्हणाल तर वरून आईच्या झडपेचा आवाज येत होता, उघड-मीट, उघड-मीट, आणि माझी जीभ टाळूला लागलेली होती. मामाने हलकेच हातोडी मारली, त्याच क्षणी मी तोंडावर हाताचा द्रोण करून काढला : ठण्ण.

"आं?" मामा म्हणाला.

परत मारली. परत मी. ठण्ण. मागच्या चार आऱ्यांपेक्षा चांगला.

"मगाशी हात घसरला असेल," मामा पुटपुटला. "पुढचा."

सहावाही थप्प होता. तोही मीच बोललो.

सामानवाला समोर उभा होता. त्याने सगळं पाहिलं. माझ्याकडे एकदा बघितलं, मग खाडीवरच्या पडावांकडे, त्या मालाच्या होड्यांकडे, बघायला लागला, जसा काय आयुष्यात पहिल्यांदा पडाव बघतोय. त्याने काही कबूल केलं नाही आणि मलाही काही विचारलं नाही. आमच्या दोघांत ती एक पक्की ओळख झाली.

मामा उठला, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "चाकं चालतील. घ्या." बाबांनी नारळ फोडला. खोबरं पांढरंशुभ्र निघालं. सगळ्यांनी एकमेकांना वाटलं. मी मामाला सगळ्यात मोठा तुकडा दिला.

मी काय बघितलं म्हणाल तर आरसा. आत जाऊन त्यात साहेबाचं तोंड करून बघितलं. चांगलं जमलं.

भाड्याच्या बैलांनी आम्ही टिटवाळ्यावरून खडवलीला गेलो. वाटेभर गाडी बरी चालली, रस्ता सपाट होता आणि बाबा खाली उतरून चालत होते. नदीकाठी आंब्याखाली गाडी उभी राहिली. आईने देव मांडले. सकाळी झडप उघडून ती पलंगावर बसायची आणि नदीवर कोण आलं, कोण गेलं, कुणाची म्हैस कुणाच्या वाफ्यात शिरली, सगळं आम्हाला सांगायची. गावातल्या बायका भांडी कल्हईला आणायच्या आणि खिडकीखाली बसून आईशी बोलत राहायच्या. दोन महिने. मोजून दोन महिने आमचं बरं चाललेलं.

पहिल्या अमावास्येला गावचे बैल जोडून गाडी हलवली. कण्हली, पण हलली. पाटील म्हणाला, "हाल्ली. ऱ्हावा."

दुसऱ्या अमावास्येला आदल्या रात्री आईला बरं नव्हतं म्हणून तिला खाली उतरवलं नाही. आतच ठेवली. बैलांनी ओढलं, मागच्या डाव्या चाकातून काडकन आवाज आला, आणि पाचवा, सहावा, मग सगळेच आरे एकामागोमाग गेले. गाडी त्या अंगावर बसली. पलंग, देव, पाण्याचा हंडा आणि आई, सगळं एका कोपऱ्यात. आईला फार लागलं नाही. पण ती ज्या तऱ्हेने काही न बोलता हंड्याखालून हात काढून घेत होती, ते मला अजून नक्कल करून दाखवता येत नाही.

पाटील आला. वाईट माणूस नव्हता तो. चाकाकडे बघितलं, तिरप्या गाडीकडे बघितलं, डोकं खाजवलं. "हाल्ली नाय," म्हणाला. बाबा हात जोडून म्हणाले, कळव्याहून माझ्या मेहुण्याला बोलावतो, तो चाक करून देईल. पाटील म्हणाला, "येऊ दे त्याला. तो हालंल म्हनला त हालंल. नाय म्हनला त गावाला मी काय सांगू?"

बाबा मामाला आणायला गेले. चार दिवस आई त्या तिरप्या गाडीत तिरपी झोपली. खिडकी आता खाली झालेली, तिच्यातून नदी दिसायची नाही, नुसती माती.

चौथ्या दिवशी पाटील आणि गावचे सात-आठ जण येऊन बसले. सगळे गंभीर. मला वाटलं, ह्यांना हसवलं तर ह्यांचं मन वितळेल, अजून एक अमावास्या मिळेल. मला दुसरं येतं तरी काय? मी सुरू केलं. सामानवाला केला : साहेबाची गाडी आहे! दार पूर्वेला करा! माणसं हसायला लागली. पाटीलही मिशीत हसला. मग माझ्या अंगात आलं. मामा केला. डोळे वर फिरवून, मान तिरकी करून, हातात जळणाचं दांडकं हातोडीसारखं धरून, मोडक्या चाकापाशी वाकलो. "ऐका, ऐका, कसा वाजतो बघा," म्हणालो, आणि काढला आवाज. ठण्ण. दुसरा. ठण्ण. ठण्ण.

कोणी हसेना. सगळे माझ्या पाठीमागे बघत होते.

मामा बाबांच्या खांद्याला धरून उभा होता. इष्टेशनावरून उन्हातून चालत आलेला, पायावर धूळ.

"परत काढ," मामा म्हणाला.

मी दांडकं खाली टाकलं.

मामा बाबांना सोडून चाचपडत चाकापाशी आला. खाली बसला. तुटक्या पाचव्या आऱ्याच्या बुडात बोट घातलं. आत पोकळ होतं, भुंग्याने खाल्लेलं, भुसा पडला त्याच्या तळहातावर. त्याने तो भुसा नाकाशी नेला, मग बाबांच्या हातात दिला. मग हात तसाच पुढे नेत तुंब्यातून कण्यापर्यंत, दोन चाकांमधल्या आडव्या दांड्यापर्यंत गेला. कणा उभा चिरलेला होता. आरे सडले की भार सगळा कण्यावर येतो, हे मला त्याने नंतर सांगितलं. त्या वेळी एवढंच म्हणाला, "पाटील, ही हालायची नाही."

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगाच आशा लावून बसायला नको. गाडी फळ्या-फळ्यांनी गेली. खिडकीची झडप कुणीतरी कोंबड्यांच्या खुराड्याला लावली, ती मी नंतर कधी खडवलीवरून गेलो की बघायचो. आईला डोंबिवलीला मावशीकडे ठेवली, मागच्या पडवीत, तोंड भिंतीकडे. बाबा एकटे भाता पाठीवर टाकून गावोगाव फिरायला लागले. मामाला कळव्यात अजून लोक बोलवायला यायचे, पण तो म्हणायचा, दुसऱ्याला न्या. आणि माझ्याकडे जी शहाणपणाची गोष्ट होती ती एवढीच, की गाडी मोकळी बघू नये, भरून चालवून बघावी, नारळ मागून फोडावा, आणि माझ्यासारख्याला बरोबर नेऊ नये.

पण त्या दिवशी बोलणी बसली ती सांगायची राहिली. पाटील आणि गावकरी हळूहळू उठून गेले. बाबा भुसा हातात घेऊन उभे होते. मारतील असं वाटलं, मी गालही पुढे करून उभा राहिलो. त्यांनी भुसा झटकला आणि कल्हईचं सामान आवरायला बसले.

बोलला तो मामा. ओरडला नाही. चाकाला टेकून बसल्या बसल्या बोलत होता.

"डोळे गेले तेव्हा मी रडलो नाय रे. म्हटलं, कान आहेत, चार जण अजून हात धरून नेतील. तुला कळलं का तू काय केलंस? मी त्या बाईला म्हटलं, घे. माझ्या बहिणीला म्हटलं, घे, चालेल. माझ्या तोंडून. आता घरात सून भांडं ठेवते तरी मला वाटणार, हे भांडं आहे की तो आहे? ह्यापुढे कुठलं चाक वाजवू मी? कुणाला काय सांगू? हसवायचं होतं तर माझ्या चालण्याची नक्कल करायचीस, डोळ्यांची करायचीस, मी काय म्हणालो असतो? सगळे करतात. लाकडाची कशाला केलीस? लाकूड खोटं बोलत नाही, म्हणून तर मी त्याच्यावर जगलो, नालायका."

मी म्हणालो, "मामा, आईला खिडकी आवडलेली म्हणून..."

"तिचं नाव घेऊ नकोस!"

तेवढ्यात आतून, तिरप्या गाडीतून, आईचा आवाज आला. तिने सगळं ऐकलेलं.

"दादा, राहू दे. त्याला दोन घास घाला, सकाळपासून उपाशी आहे. पण त्याला सांगा, आज माझ्याशी बोलायचं नाही. कुणाच्याच आवाजात बोलायचं नाही."